मुंबईची एलिझाबेथ, यूटाची हातगाडी आणि ‘उच्चवर्णीय’ हे विशेषण

१/२२
सन १८५६, ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. आजच्या अमेरिकेतील वायोमिंग राज्यात, स्वीटवॉटर नदीच्या खोऱ्यातून, सुमारे चारशे माणसे दोनचाकी हातगाड्या ओढीत पश्चिमेकडे निघाली होती. पिठाचा साठा तळाला गेला होता. १९ तारखेला बर्फ पडू लागले. काफिल्यात बहुतेक इंग्रज, स्कॉटिश आणि डॅनिश कुटुंबे होती. त्यांच्यात तेवीसएक वर्षांची एक स्त्री होती, जिचा जन्म मुंबईचा. तिचे नाव एलिझाबेथ झेवियर टेट. हा धागा तिच्याविषयी आहे, आणि तिची गोष्ट ज्या प्रकारे सांगितली जाते त्याविषयीही.

२/२२
मॉर्मन पंथाच्या इतिहासात ‘पायोनियर स्त्री’ ही जवळजवळ पूज्य प्रतिमा आहे. इंग्लंडातील गिरणगावातून निघालेली, समुद्र ओलांडलेली, मुलांना वाटेत पुरून पुढे चाललेली, अखेर यूटाच्या वाळवंटात घर उभारणारी स्त्री. एलिझाबेथ याच मालिकेत बसवली जाते; फक्त तिच्या नावामागे एक खास विशेषण जोडले जाते: ‘उच्चवर्णीय हिंदू कन्या’. या धाग्याचे म्हणणे असे की, तिचे आयुष्य आदराने जपावे. हे विशेषण मात्र तपासल्यावाचून पुढे पाठवू नये.

३/२२
प्रथम पार्श्वभूमी. मॉर्मन प्रचारक ब्रिटनमध्ये १८३७ साली प्रेस्टन येथे पोहोचले. औद्योगिक क्रांतीने पिळून काढलेल्या कामगारवर्गात त्यांना मोठा प्रतिसाद मिळाला. १८५१च्या सुमारास यूटापेक्षा ब्रिटनमध्येच मॉर्मनांची संख्या अधिक होती. ‘सियोन’मध्ये एकत्र येणे हे या पंथात धर्मकर्तव्य होते. त्यासाठी १८४९ साली स्थलांतर निधी उभारण्यात आला. त्यातून उचल घ्यायची आणि यूटात पोहोचल्यावर फेडायची. गरिबांना देश सोडता यावा म्हणून उभी केलेली ही पतव्यवस्थाच होती.

४/२२
ब्रिटनमधून हा पंथ साम्राज्याच्या वाटांनी हिंदुस्थानात आला. १८५१ साली कलकत्त्यात, आणि सप्टेंबर १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला. इतर पंथांच्या पाद्र्यांनी आणि वृत्तपत्रांनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली. पुढे तो पुण्यास गेला. तेथे लष्करी अधिकाऱ्यांच्या विरोधाला तोंड देत त्याने एक लहानशी मंडळी जमवली. तिच्यात भर गोऱ्या शिपायांची आणि त्यांच्या कुटुंबांची होती. स्थानिक समाजात या पंथाला मूळ धरता आले नाही.

५/२२
त्याच १८५२ साली खानदेशात काय चालले होते? सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत कंपनी सरकारच्या जमीन मोजणीविरुद्ध शेतकरी उठले होते आणि सरकार फौज पाठवीत होते. ज्या सत्तेची फौज सावद्यात बंदुका रोखून उभी होती, तिच्याच छावणीत पुण्याला एक नवा पंथ शिपायांना दूरच्या सियोनची वाट दाखवीत होता. एलिझाबेथचा नवरा विल्यम टेट हा असाच एक शिपाई होता. जन्माने आयरिश, पेशाने सैनिक, आणि फिंडलेच्या काळात या मंडळीशी जोडला गेलेला.

६/२२
वंशजांच्या घरात चालत आलेली कथा पुढे असे सांगते: विल्यम आधी अमेरिकेस गेला. पहिले अपत्य हिंदुस्थानातच दगावले होते. एलिझाबेथ दुसऱ्या बाळंतपणासाठी मागे राहिली. माहेरच्यांनी तिला न जाण्याविषयी परोपरीने विनवले. तिने ऐकले नाही. तान्हे मूल घेऊन ती इंग्लंडच्या जहाजात बसली, आणि ते मूलही त्या लांबच्या प्रवासात गेले. ती एकटी अमेरिकेत पोहोचली आणि त्या वर्षीच्या उशिरा निघालेल्या हातगाडी काफिल्यात सामील झाली.

७/२२
हा प्रवास किती मोठा होता, याचा अंदाज घ्यावा. सुएझ कालवा उघडला तो १८६९ मध्ये. तोवर मुंबईहून इंग्लंडला जाणारी शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात आणि त्यास महिने लागत. त्यानंतर अटलांटिक महासागर. मग आगगाडीने आयोवा सिटी, कारण तेथवरच रूळ होते. तेथून सॉल्ट लेक सिटीपर्यंत सुमारे २१०० किलोमीटर पायी. मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी धावून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती.

८/२२
हातगाडीची योजना ही काटकसरीतून जन्मलेली. बैलगाड्या परवडेनात म्हणून पंथप्रमुख ब्रिगम यंग यांनी लाकडी हातगाड्यांचा मार्ग काढला. प्रौढ माणसामागे सामान केवळ १७ पौंड, म्हणजे आठ किलोहूनही कमी. अंथरूण, कपडे, भांडी सर्व त्यात. १८५६ ते १८६० या काळात असे दहा काफिले निघाले आणि जवळपास तीन हजार लोक अशा रीतीने गेले. त्यांपैकी आठ काफिले तुलनेने सुखरूप पोहोचले, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मोठी हानी झाली ती विली आणि मार्टिन या दोन काफिल्यांची.

९/२२
एलिझाबेथ विलीच्या काफिल्यात होती. या काफिल्यातील बहुसंख्य माणसे ४ मे १८५६ रोजी लिव्हरपूलहून ‘थॉर्नटन’ जहाजाने निघाली होती. आयोवा सिटीला ती जूनअखेर पोहोचली, तेव्हा गाड्या तयारच नव्हत्या. घाईने, ओल्या लाकडाच्या गाड्या बांधून काफिला १५ जुलैला हलला. इकडे त्याच जुलै महिन्यात विधवाविवाहाचा कायदा संमत झाला. हिंदुस्थानात स्त्रीच्या दुसऱ्या संसाराचा वाद कागदावर निकालात निघत होता, तेव्हा मुंबईची एक स्त्री आपल्या पहिल्याच संसाराच्या शोधात आयोवाच्या गवताळ माळावर चालत होती.

१०/२२
ऑगस्टच्या मध्यास, फ्लॉरेन्स या मुक्कामी, पुढे जावे की थांबावे यावर सभा झाली. लेव्हाय सॅव्हेज नावाच्या अनुभवी माणसाने इशारा दिला की इतक्या उशिरा वृद्धांना, स्त्रियांना, मुलांना घेऊन डोंगर ओलांडणे म्हणजे मरण ओढवून घेणे. हा सॅव्हेज नुकताच कलकत्ता आणि ब्रह्मदेशात धर्मप्रचार करून परतला होता. त्याचे म्हणणे फेटाळले गेले. तरीही तो काफिल्यासोबतच गेला. इशारा देणाऱ्याने साथ सोडली नाही. ज्यांनी तो धुडकावला त्यांच्यावर मात्र निष्ठेची भाषा पांघरली गेली.

११/२२
१९ ऑक्टोबरला बर्फ आले आणि पीठही संपले. सॉल्ट लेकहून निघालेले मदतीचे पथक २१ तारखेला पोहोचले, परंतु संकट टळले नव्हते. २३ तारखेला रॉकी रिज नावाचा खडकाळ चढ बर्फाच्या वादळात चढावा लागला. रात्री रॉक क्रीकला पोहोचलेल्यांपैकी तेरा जणांना दुसऱ्या दिवशी एकाच खड्ड्यात पुरले. आणखी दोघे त्याच मुक्कामी गेले. काफिला ९ नोव्हेंबरला सॉल्ट लेक सिटीत आला तोवर सुमारे सत्तर माणसे दगावली होती. मार्टिनच्या काफिल्यात याहूनही अधिक.

१२/२२
एलिझाबेथ वाचली. ती यूटाच्या दक्षिणेस सीडर सिटी येथे विल्यमला भेटली. तेथेच तिचा संसार झाला, मुलेबाळे झाली, आणि त्या मुलाबाळांनी तिची कथा सांगत ठेवली. कथेचा कणा पक्का आहे: काफिल्याच्या यादीत तिचे नाव आहे, काफिल्याचा मार्ग आणि तारखा रोजनिशींतून सिद्ध आहेत. जो भाग डळमळतो तो आहे मुंबईचा. तिचे माहेर, तिचा धर्म, तिची जात.

१३/२२
‘उच्चवर्णीय हिंदू’ घराण्यातील मुलीचे आडनाव झेवियर कसे? हे आडनाव पश्चिम किनाऱ्यावर आले ते पोर्तुगिजांबरोबर, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावावरून, आणि लागले ते बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबांना. मुंबई बेट १६६१च्या विवाहकरारान्वये इंग्रजांकडे गेले, पण मुंबई, साष्टी आणि वसईतील कॅथलिक वस्त्या तशाच राहिल्या. गोव्यातूनही माणसे येत राहिली. नावाचा पुरावा सांगतो की हे घराणे ख्रिस्ती, बहुधा कॅथलिक असावे. म्हणजे एलिझाबेथने हिंदू धर्म सोडला नसून एका ख्रिस्ती पंथातून दुसऱ्यात प्रवेश केला, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

१४/२२
मग ‘उच्चवर्णीय’ हा शब्द निव्वळ बनावट म्हणावा काय? तसेही घाईने म्हणू नये. कोकणपट्टीतील आणि गोव्यातील कॅथलिक समाजात धर्मांतरानंतरही जातीची स्मृती टिकून होती. बामण, चारडो हे भेद चर्चच्या आवारातही पाळले जात. मुंबईच्या कॅथलिक घरातील मुलीने ‘आमचे घराणे मूळचे वरच्या जातीचे’ असे नातवंडांना सांगितले असणे सहज शक्य आहे. यूटातील कानांनी त्यातील जात उचलली, ख्रिस्तीपण गाळले आणि उरलेल्या जागेत हिंदू हा शब्द भरला.

१५/२२
त्या शब्दाचाही इतिहास आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या अमेरिकी इंग्रजीत ‘हिंदू’ म्हणजे हिंदुस्थानचा कोणीही माणूस. १९२३ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयापुढे भगतसिंग थिंड यांच्या नागरिकत्वाचा खटला आला. थिंड शीख होते. तरी खटल्यात त्यांचा उल्लेख उच्चवर्णीय हिंदू असाच आहे. न्यायालयाने ते ‘गोरे’ नाहीत असे ठरवून त्यांचे नागरिकत्व नाकारले. म्हणजे हे विशेषण धर्म सांगण्यापेक्षा वंशाच्या उतरंडीत स्थान मागण्यासाठी वापरले जाई.

१६/२२
या शब्दाला अमेरिकेत वलय मिळवून देण्यात एका मराठी स्त्रीचाही वाटा आहे. आनंदीबाई जोशी यांच्या १८८६ मधील पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि पुढच्याच वर्षी तेथून त्यांचा ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हा ग्रंथ निघाला. रमाबाईंनी तो शब्द उच्चवर्णीय विधवांचे हाल दाखवण्यासाठी योजला होता. वाचकांच्या मनात मात्र एक साचा उरला: हिंदुस्थानातून आलेली आदरणीय स्त्री म्हणजे उच्चवर्णीय हिंदू स्त्री. एलिझाबेथची कथा ज्या पिढ्यांत सांगितली गेली त्यांच्यापुढे हा साचा तयार होता.

१७/२२
यूटाच्या समाजातही वर्णाचा प्रश्न मोठा होता. १८५२ पासून तेथे कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारले जाऊ लागले आणि ते बंधन १९७८ पर्यंत टिकले. अशा समाजात मुंबईहून आलेल्या सावळ्या आजीची ओळख करून देताना वंशजांना काही स्पष्टीकरण द्यावेसे वाटले असेल. ‘उच्चवर्णीय’ हे ते स्पष्टीकरण. येथे खरी वेदना आहे. ज्या स्त्रीने दोन महासागर आणि एक हिमवादळ ओलांडले, तिला आदर मिळवण्यासाठी जातीचा दाखला लागावा! आणि तो दाखला आज मुंबई, पुणे, जळगावातील तरुण अभिमानाने पुढे पाठवतात, तेव्हा तीच उतरंड नव्याने उभी राहते.

१८/२२
पायोनियर कथेतून आणखी एक गोष्ट गळते. ती भूमी रिकामी नव्हती. सीडर सिटीचा परिसर हा दक्षिण पायूट लोकांचा. आणि सप्टेंबर १८५७ मध्ये तेथून जवळच, माउंटन मेडोज येथे, स्थानिक मॉर्मन मिलिशियाने सुमारे १२० स्थलांतरितांना ठार केले. दोष प्रदीर्घ काळ पायूटांवर ढकलला गेला. खानदेशी वाचकाला ही रीत नवी नाही. सातपुड्याच्या भिल्लांची नोंद कंपनीच्या दप्तरात ‘उपद्रवी’ म्हणून झाली आणि १८२५ मध्ये औट्रमने भिल्ल पलटण उभारून त्यांनाच त्यांच्या डोंगरांवर पहारा दिला. सोसणाऱ्या माणसांची वसाहतही कोणाच्या तरी जमिनीवरच उभी राहते.

१९/२२
प्रश्न पद्धतीचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला यूटाला जावे लागत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढताना बखरींच्या चुका निर्दयपणे दाखवल्या आणि मूळ कागदाला अग्रमान दिला. त्यांचे निधन धुळ्यात झाले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी; त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तेथे आहे. राजवाड्यांची कसोटी लावली तर एलिझाबेथच्या कथेतील काफिला टिकतो आणि ‘उच्चवर्णीय हिंदू’ गळून पडते.

२०/२२
परंतु केवळ कागदाचीच कसोटी लावली तर स्त्रियांच्या इतिहासातील मोठा भाग हातून जातो. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची गाणी लेक सोपानदेव आणि घरच्यांनी टिपून घेतली म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तक झाले. उलट सावित्रीबाई फुले लिहित्या होत्या. त्यांनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेले पत्र १० ऑक्टोबर १८५६चे, म्हणजे विलीच्या काफिल्यावर बर्फ पडण्याच्या नऊ दिवस आधीचे. सावित्रीबाई स्वतः बोलतात. बहिणाबाई लेकाच्या लेखणीतून बोलतात. एलिझाबेथविषयी वंशज बोलतात. तिन्ही साधनेच आहेत. प्रत्येकाचे वजन वेगळे.

२१/२२
म्हणून घरगुती आठवण फेकून देऊ नये आणि पोथीसारखी पुजूही नये. तिला तीन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट कोणी, कोणाला, केव्हा सांगितली? तिच्यातील कोणता भाग अन्य पुराव्याशी जुळतो? आणि जो भाग जुळत नाही, तो सांगणाऱ्याला का हवासा वाटला असेल? तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. त्यातूनच कळते की ‘उच्चवर्णीय’ हे विशेषण एलिझाबेथच्या मुंबईविषयी थोडे आणि तिच्या नातवंडांच्या अमेरिकेविषयी पुष्कळ सांगते. चूकही साधन असते, ती चूक आहे एवढे ठाऊक असले म्हणजे झाले.

२२/२२
गेल्या काही पिढ्यांत धुळे, नंदुरबार, जळगावच्या कितीतरी स्त्रिया पोटासाठी सुरतेस गेल्या. उधना, लिंबायतच्या चाळींत त्यांनी अहिराणी बोलत संसार उभे केले. त्यांच्यासाठी कोणी रोजनिशी ठेवली नाही आणि कोणत्याही पंथाने त्यांची स्मारके बांधली नाहीत. त्यांच्यापैकी एखादी आजी आजही घरात असेल. तिला विचारावे, ती कोणत्या साली निघाली, सोबत काय घेतले, मागे काय राहिले. तिचे शब्द तिच्याच बोलीत, तारीख घालून लिहून ठेवावेत. तिला घराण्याचे विशेषण लावू नये. ती निघाली आणि पोहोचली, हे पुरेसे आहे.